आजी का बिनपगारी बाई?

या वेळचं पत्र औसा तालुक्यातनं आलंय. थोडं कमी करून देते.

"ताई नमस्कार. माझं वय 61, मालक 66 चे. लेक अन सून पुण्याला कंपनीत. नातू दहा महिन्याचा झाला. सूनबाईची बाळंतपणाची सुट्टी संपली म्हणून मला बोलावून घेतलं, मी गेले. पण मध चाटवायचा नाही, गुटी द्यायची नाही, काजळ नाही, टाळूला तेल नाही. फ्रीजवर चार्ट लावलाय, कधी काय द्यायचं त्याचा. मी तीन लेकरं वाढवली. किल्लारीच्या भूकंपानंतर हाच लेक दहा महिन्याचा कडेवर घेऊन पत्र्याच्या शेडात दिवस काढले, तवा कुठं चार्ट होता? दोन महिने राहिले अन सोयाबीनचं निमित्त सांगून गावाकडं आले. आता रोज फोन येतोय कधी येता म्हणून. लेकरू फोनवर मला बघून तोंड फिरवतंय अन सुनेच्या आईला बघून हसतंय. ताई, आजी म्हणजे नेमकं काय असतंय? बिनपगारी बाई का?"

ताई, आधी कडू गोळी देऊन टाकते म्हणजे बाकीचं निवांत बोलता येईल. मधाच्या बाबतीत तुमची सून शंभर टक्के बरोबर आहे. मी 31 वर्षं सरकारी नोकरीत नर्स होते, त्यातली निम्मी खेड्यातल्या उपकेंद्रात, त्यामुळं मी शहरातल्या सुनेची बाजू घेतेय असं समजू नका. मधात कधीकधी एका जंतूची बीजं असतात, दिसत नाहीत, वास नाही, मध उकळला तरी मरत नाहीत. तुमच्या माझ्या पोटात त्यांचं काही चालत नाही पण वर्षाच्या आतल्या लेकराच्या आतड्यात ती रुजतात आणि विष तयार करतात. बोटुलिझम म्हणतात त्याला. लेकरू ढिलं पडतं, ओढून दूध पीत नाही, रडायचा आवाज बारीक होतो आणि मग श्वासावर येतं. क्वचितच होतं, मान्य आहे, पण एक वर्ष थांबल्यानं काही बिघडत नाही ना. गुटीचं पण तसंच. पहिले सहा महिने नुसतं आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही. आणि त्यानंतरही ती सहाण, ती कुठल्या बरणीत किती वर्षं पडलेली मुळं, ते उगाळायचं पाणी, ह्या सगळ्याचा भरवसा कोण देणार. काजळाच्या डब्यात कधीकधी शिसं निघतंय आणि वरून आपण बोट डोळ्यात घालतो. तीट लावायची हौस असेल तर तळपायाला लावा, तळपायाच्या तिटीनं पण दृष्ट टळतीच की. (माझी आई म्हणायची की पायाची तीट जास्त कामाची, कारण ती कुणाला दिसत नाही. हे विज्ञान नाही, पण भांडण मिटतंय.)

तेलाच्या बाबतीत मात्र मी तुमच्याकडून. हलक्या हातानं अंगाला तेल लावलेलं चांगलंच असतंय, फक्त टाळू दाबायची नाही, नाकाकानात तेल सोडायचं नाही आणि धुरी तेवढी द्यायची नाही. सूनबाईला सांगा एका नर्सनं सांगितलंय म्हणून. आणि हो, चार्टमध्ये डाळीचं पाणी लिहिलं असेल तर ते खोडायला लावा. दहा महिन्याच्या लेकराला पाणी कशाला, घट्ट वरण द्यायचं, चमचा वाकडा केला तरी पटकन खाली पडू नये इतपत. तिथं तुमचा घोटलेला वरणभात चार्टाला भारी पडेल बघा.

राहिलं ते "आमच्या वेळी असंच केलं, कुठं काय झालं". हे वाक्य मी ड्युटीवर हजारदा ऐकलंय. ताई, ज्यांना झालं ती लेकरं मोठी होऊन सांगायला आली नाहीत. कडक बोलले, माफ करा, पण मी ती रजिस्टरं माझ्या हातानं भरलीत.

आता माझी फजिती ऐका. तुम्हाला वाटतंय की तुमचं शहाणपण नाकारलं म्हणून तुमचं आजीपण गेलं. माझं उलटं झालं. माझ्या पोरीचं पहिलं बाळंतपण माझ्याकडंच, लातूरला. मला तर सगळंच येत होतं, तेही बरोबर येत होतं, कुणी नाव ठेवायला जागा नाही. मी काय केलं, एक वही केली. किती वाजता पाजलं, कोणत्या बाजूला पाजलं, शी किती वेळा, शू किती वेळा, ताप, वजन. रात्री दोनला उठून पोरीला उठवायची की तीन तास झाले, घे पदराखाली. मध नाही, गुटी नाही, काजळ नाही, एकदम आदर्श काम चालू होतं. नवव्या दिवशी पोरगी रडायला लागली, मी नर्ससारखं विचारलं कुठं दुखतंय, तर म्हणाली, "आई, तू ड्युटीवर आहेस का गं?"

माझी एक चुलत नणंद आलेली होती, तिला धड घड्याळ कळत नाही. ती पोरीच्या पायथ्याशी बसायची, पोटऱ्या दाबायची आणि कुणाच्या म्हशीनं कुणाचं वैरण खाल्लं असल्या गोष्टी सांगायची. पोरगी तिच्याजवळ झोपायची, लेकरू पण तिच्याजवळ गप पडायचं. मला असला राग आला होता ना तिला बघून. तुमचं विहीणबाईंबद्दलचं वाक्य वाचलं तेव्हा मला ती नणंदच आठवली.

म्हणजे बघा, तुम्ही मध घेऊन गेलात आणि मी थर्मामीटर घेऊन बसले, दोघींना पण कुणी आजी म्हणून घेतलं नाही. त्यामुळं मध चाटवायला मिळाला असता तर तुम्ही आजी झाला असता हे काही खरं नाही. मला कळायला चार वर्षं लागली.

नात चारची असताना पायरीवरनं पडली, गुडघा फुटला, तिची मम्मी आधी घाबरली आणि मग चिडली, पळू नको म्हणून सांगितलं होतं ना वगैरे. नात रडत माझ्याकडं आली. मी डेटॉल कापूस आणायला उठले, सवयच आहे ती, आणि उठता उठता सहज म्हणाले की तुझी मम्मी पण अशीच पडली होती, हौदाच्या कडेवर, ती बघ हनुवटीवर अजून खूण आहे. चार टाके पडले होते आणि तिनं डॉक्टरच्या हाताला चावलं होतं. ताई, लेकराचं रडं तिथल्या तिथं थांबलं. ती मम्मीजवळ गेली, तिची हनुवटी वर केली, त्या खुणेवरनं बोट फिरवलं आणि मला विचारते, "मम्मी लहान होती?" मी म्हणलं हो. "मग तू घातले का टाके?" नाही, म्हणलं, मी रोज लोकांच्या लेकरांना टाके घालायची पण त्या दिवशी माझा हात थरथरायला लागला, सुई दुसऱ्याच्या हातात दिली. हे मी माझ्या पोरीला पण कधी सांगितलं नव्हतं. ती पण माझ्याकडं बघायला लागली. गुडघ्याला डेटॉल लावायचं तसंच राहिलं, नंतर लावलं.

त्या दिवसापासून नात मला रोज विचारायची, मम्मी लहान होती तेव्हा काय झालं. अंगणवाडी, डॉक्टर, यूट्यूब, सगळं विचारून घेता येतंय, पण ही एकच माहिती अशी आहे की ती माझ्याशिवाय कुणाकडंच नाही. मम्मीला स्वतःला पण आठवत नाही.

आता तुमच्या पत्राकडं येते. त्यात तुम्ही किल्लारी एका ओळीत उरकून टाकलंय आणि काजळाला चार ओळी दिल्यात. मी ती एक ओळ परत परत वाचली. 30 सप्टेंबर 1993, आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, माणसं दमून गाढ झोपलेली, पहाटेचे चार वाजायला चारपाच मिनिटं कमी. त्या दिवसांत मी पण तिकडं ड्युटीला होते, त्यावर आत्ता लिहीत नाही. पण तुमचा लेक तेव्हा दहा महिन्याचा होता आणि त्याचं लेकरू आज दहा महिन्याचं आहे, हे पत्र लिहिताना तुमच्या ध्यानात आलं का? त्याला तुम्ही झोपेतनं कसं उचललं, दार कुणीकडून निघालं, शेडाचा पत्रा दिवसा किती तापायचा, रात्री पावसात कसा वाजायचा, त्याला काय भरवलं, तो पहिलं पाऊल टाकला तो कुठं टाकला, त्या शेडात का बाहेर चिखलात? हे त्याला माहिती आहे का? भूकंप झाला एवढं माहिती असेल, सगळ्यांनाच असतंय. पण वाकडच्या नाहीतर हिंजवडीच्या नवव्या मजल्यावर राहणाऱ्या त्या माणसाला हे माहिती नसेल की त्याची माय किती महिने त्याला छताखाली झोपवायला घाबरत होती. तुम्ही घाबरत होता असं तुम्ही लिहिलं नाही, मी आपलं अंदाजानं म्हणते, कारण तिकडच्या बाया चांगलं घर मिळाल्यावर पण अंगणात झोपायच्या, मी बघितलंय.

आणि ही गोष्ट तुम्ही सुनेला सांगितली ती कशी, "तवा कुठं चार्ट होता". ताई, एवढी मोठी गोष्ट आणि तुम्ही ती हाणायला वापरली. खरं सांगा, त्या शेडात लेकराला हगवण लागली असेल, पाणी टँकरचं, डॉक्टर कधी यायचा कधी नाही, तेव्हा कुणी कागदावर लिहून दिलं असतं की लेकराला हे द्या आणि हे देऊ नका, तर तुम्ही तो कागद फाडला असता का पत्र्याला चिकटवला असता? हेच सुनेला सांगा. तिच्यावर हुकूम म्हणून नको, ती रात्री भांडी लावताना किंवा लेकरू झोपल्यावर, आपलं सहज. ती पण दहा महिन्याचं लेकरू सांभाळणारी बाई आहे, तिची पण झोप होत नाही, तिला पण भीती वाटते म्हणूनच तिनं चार्ट लावलाय. तो काही तुमच्याविरुद्ध लावला नाही.

नातवाला म्हणाल तर इतक्यात नाही, पाचसहाचा झाला की सांगा, आणि त्यात मेलेल्या माणसांचा आकडा नको, त्याचा बाप शेडात काय काय खोड्या करायचा ते सांगा. आत्ता ओव्या म्हणा. तुमच्या वयाच्या बायांना दहावीस तरी येतातच, आईच्या जात्यावर ऐकलेल्या. "त्या जुन्याच काय म्हणायच्या" असं मनात आणू नका, हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रभर फिरून बायांकडनं अशा एक लाखाच्या वर ओव्या जमा केल्या, त्यात आपल्या बीडकडच्या माजलगावच्या बायांच्या पण आहेत, नेटवर ऐकायला मिळतात, लेकाला लावून द्यायला सांगा. ओवीत लेकराचं नाव बसवायला जागा असती, तिथं नातवाचं नाव घाला, पुण्याचं घाला, लिफ्टचं घाला. नवीन ओवी करायला कुठं परवानगी लागती.

फोनवर तोंड फिरवतंय त्याचं मनावर घेऊ नका. आठव्या नवव्या महिन्यापासून लेकरं ओळखीचं बिनओळखीचं असा फरक करायला लागतात, महिनाभर माणूस दिसलं नाही की परकं होतं, आपल्या सख्ख्या बापाला बघून रडणारी लेकरं मी बघितलीत. विहीणबाई बहुतेक रोज ठरलेल्या टायमाला फोन करत असतील. तुम्ही पण करा, संध्याकाळी त्याच्या जेवणाच्या वेळेला, पाच मिनिटं बास, आणि दरवेळी एकच खूण करा, बांगड्या वाजवा नाहीतर वाटीवर चमचा. "मला ओळखलं का, आजी कुठंय, आजीला हाय कर" अशी परीक्षा घेऊ नका. एवढ्या लहान लेकराला स्क्रीन दाखवू नये म्हणतात ते खरंय, पण आपल्या माणसाशी व्हिडिओ कॉलवर बोलायला बालरोगवाले सूट देतात, त्यामुळं त्यावरून भांडण होणार नाही.

आता बिनपगारी बाईचं. हा प्रश्न तुम्ही रागात विचारला असेल पण तो खोटा नाही आणि मी तो गोड बोलून झाकणार नाही. दोघं नोकरीला, पुण्यात भरवशाची बाई मिळत नाही आणि मिळाली तर परवडत नाही, म्हणून गावाकडनं आई आणायची, हे सगळीकडं चाललंय. प्रेम पण असतंय आणि सोय पण असती, दोन्ही एकाच माणसात असतंय. तुम्हाला खटकलं ते काम नाही, आयुष्यभर तुम्ही त्याच्यापेक्षा जास्त काम केलंय. किती दिवस ते कुणी विचारलं नाही, सुट्टी कधी ते ठरलं नाही, इकडं मालक स्वतःच्या हातानं पिठलं करून खातात त्याचं कुणाला काही नाही, हे खटकलं. मग ते बोला ना तोंडानं. निमित्त कशाला सांगता. सोयाबीन काढून झाल्यावर काय सांगणार, हरभऱ्याची पेरणी?

लेकाला फोन करा, सुनेला नको, लेकाला. म्हणावं मी येते, सलग दोन महिने नाही, तीन आठवडे तिकडं आणि दोन आठवडे घरी. रविवारी लेकरू तुम्ही सांभाळायचं, मी मंदिरात जाईन नाहीतर झोपून राहीन. मालकांना पण घेऊन जा, 66 चे आहेत तर एसटीत त्यांना ज्येष्ठ नागरिक म्हणून हाफ तिकीट आणि तुम्हाला तर 2023 पासून बायांचं हाफ आहेच, दोघं मिळून एका तिकिटात पुणे होतंय. आजोबाला काय काम, असं म्हणू नका, लेकराला खिडकीतनं गाड्या दाखवायला दोन तास लागतात आणि त्या कामाला आजोबाइतकं रिकामं माणूस दुसरं नाही. आणि तुम्ही घरी असाल त्या दोन आठवड्यांचं काय, तर सूनबाईला तिच्या कंपनीत चौकशी करायला सांगा. 50 किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथं पाळणाघराची सोय पाहिजे असा नियम 2017 पासून आहे, ज्या दुरुस्तीनं 26 आठवड्यांची सुट्टी आली त्याच्यातच तो आला. बऱ्याच पोरींना सुट्टीचं माहिती असतंय, पाळणाघराचं नसतंय. लेकरू दोनचार तास पाळणाघरात राहिलं म्हणून तुम्ही कमी आजी होत नाही.

नातवंडं म्हणजे दुधावरची साय म्हणतात, तुम्ही पण म्हणत असाल. पण साय कशी धरती ते तुम्हाला मी सांगायला नको. दूध तापवायचं आणि निवांत बाजूला ठेवायचं. तुम्ही आणि सूनबाई दोघी पळी घेऊन सारख्या ढवळायला लागलाय.

एक काम मात्र लगेच करा. नातू डिसेंबरात वर्षाचा होतोय आणि येळवस, म्हणजे रानात पूजा करून जेवायची आपली वेळा अमावस्या, पण त्याच सुमाराला येती. लेकाला आत्ताच रजा टाकायला सांगा, ऐनवेळी म्हणलं की कंपनी देत नाही. सगळ्यांना रानात न्या. कडब्याची कोप, ती खोपटी, मालकांनाच घालू द्या, आत पाच दगडांचे पांडव मांडताना लेकराला मांडीवर घेऊन बसा. सूनबाई कुठल्या गावची आहे ते तुम्ही लिहिलं नाही, पुण्याकडची असेल तर तिला येळवस म्हणजे काय हे पण माहिती नसेल, आमच्या लातूर धाराशिवच्या बाहेर कुणाला सांगितलं तर तोंडाकडं बघतात. तिला भज्जी, म्हणजे सगळ्या भाज्यांची एकत्र भाजी, करताना शेजारी बसवा, किती भाज्या आणि किती शेंगा पडतात ते मोजू द्या, तिला चार्टची सवय आहे तर लिहून पण घेईल. आंबील लेकराच्या तोंडाला लावायच्या आधी तिला विचारा. वर्ष झाल्यावर चमचाभर आंबिलीला ती नाही म्हणणार नाही असं मला वाटतंय, आणि म्हणाली तर पिठाच्या वाफवलेल्या उंड्याचा मऊ तुकडा द्या, तोही विचारून. मधाचं बोट पण तेव्हा चालतंय म्हणा, वर्ष पूर्ण झालं की. पण त्याची आठवण सुद्धा तुम्हाला राहणार नाही तोवर, बघा.

आणि ते सोयाबीन खरंच निघालं का अजून निमित्तच उभं आहे रानात, तेवढं कळवा.